वाचक विचारतात : दावा नवऱ्याचा, सनद बायकोच्या नावाची

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या गवताळ मैदानांवर सरकारी जमीन घेऊन वसलेल्या कुटुंबांविषयीचा लेख गेल्या अंकात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला दिसतो : घरचा कर्ता पुरुष मधेच गेला, तर मागे उरलेल्या बायकोचे आणि मुलांचे काय व्हायचे? निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नवऱ्याने जमिनीवर दावा लावला आणि दोन वर्षांत तो वारला. सनद अजून मिळालेली नाही. जमीन कोणाची? त्याने मृत्युपत्रात ती भावाला लिहून दिली असेल तर?

भावाला काही मिळणार नाही. अध्यक्ष लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी सही केलेला आणि 1 जानेवारी 1863 पासून लागू झालेला होमस्टेड कायदा (सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला तिची सनद, म्हणजे मालकीचा कागद, देणारा) या बाबतीत अगदी स्पष्ट होता. दावेदार सनदेआधी मेला तर पहिला हक्क विधवेचा. तीही नसेल तर वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा. सनद हाती येण्यापूर्वी नवऱ्याकडे मृत्युपत्रात लिहून देण्यासारखी मालकीच नव्हती. होता तो फक्त दावा पुरा करण्याचा हक्क, आणि तो कोणाकडे जाणार हे संघराज्याच्या कायद्याने आधीच ठरवून ठेवले होते. राज्याचे वारसा कायदे लागू व्हायचे ते सनद मिळाल्यानंतर. नेब्रास्कातल्या बीअ‍ॅट्रिस गावाजवळचा डॅनियल फ्रीमन हा पहिल्या दावेदारांपैकी गणला जातो. त्याची सनद 1869 ची आणि मृत्यू 1908 चा. त्यामुळे त्याची विधवा अ‍ॅग्नेस हिच्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही.

पाच वर्षांची मुदत विधवेला नव्याने मोजावी लागत नसे, नवऱ्याचा काळ तिच्या खात्यात धरला जाई. आणखी एक सवलत फार मोलाची होती. दावेदाराला जमिनीवर राहणे आणि कसणे दोन्ही बंधनकारक होते. विधवेच्या बाबतीत जमीन खात्याने कसणे पुरेसे मानले. म्हणजे ती मुलांना घेऊन गावात राहून शिवणकाम करू शकत होती, फक्त शेत पडीक पडता कामा नये. पुन्हा लग्न केले म्हणून पहिल्या नवऱ्याच्या दाव्यावरचा तिचा हक्क बुडत नसे.

या नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिच्यामुळे घरात वितुष्ट यायचे. विधवेने दावा पुरा केला की सगळी जमीन तिची, मुलांचा त्यात हिस्सा नाही. वॉशिंग्टन राज्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाई. तिथल्या एका मुलीने वडिलांच्या दाव्यात आपला अर्धा वाटा मागितला. आईने सनद स्वतःच्या नावावर घेऊन जमीन विकून टाकली होती. ‘मॅक्युन विरुद्ध एसिग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्ये मुलीच्या विरोधात निकाल दिला. आई-वडील दोघेही गेले आणि मुले 21 वर्षांखालची असली, तरच हक्क थेट मुलांकडे जाई. अशा वेळी मुलांचा कायदेशीर पालक किंवा मालमत्तेचा कारभारी, आई-वडिलांपैकी मागून गेलेल्याच्या मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत मुलांच्या हितासाठी जमीन विकू शकत असे.

सावकाराचे काय, असेही एका पत्रात विचारले आहे. सनदेपूर्वीच्या कर्जासाठी ही जमीन जप्त करता येत नसे, कायद्यातच तसे कलम होते. पण बैल, नांगर, गाडी यांना ते संरक्षण नव्हते, आणि बी-बियाण्यासाठी किंवा नांगरासाठी उचललेले कर्ज बहुधा याच वस्तू तारण ठेवून घेतलेले असायचे. दावा सुटण्याचे हे फार मोठे कारण होते. जमीन कागदावर सुरक्षित, पण सावकार बैलजोडी घेऊन गेला की ती कसायची कशाने?

प्रश्न : पाच वर्षे पूर्ण झाल्यावर विधवेने नेमके काय करायचे? खर्च किती?

सर्वसाधारण 160 एकरांच्या (सुमारे 65 हेक्टर) दाव्याला एकूण 18 डॉलर लागत. दावा लावताना 10 डॉलर शुल्क व 2 डॉलर जमीन कचेरीच्या अधिकाऱ्याची दलाली, आणि शेवटी 6 डॉलर. सुरुवातीचे 12 नवऱ्याने भरलेलेच असत.

पाच वर्षे संपल्यापासून दोन वर्षांत ‘अखेरचा पुरावा’ द्यावा लागे, म्हणजे नोंदणीपासून फार तर सात वर्षे. आधी कचेरीला आपला इरादा कळवायचा. 1879 पासून त्याची जाहीर सूचना जमिनीला सर्वांत जवळच्या वर्तमानपत्रात 30 दिवस छापावी लागे. सूचनेत चार साक्षीदारांची नावे असत आणि त्यांपैकी दोघांनी हजर राहायचे. ठरलेल्या दिवशी जमीन कचेरीत जायचे. 1877 नंतर जवळच्या कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) न्यायाधीशापुढे किंवा कोर्टाच्या कारकुनापुढेही जबानी चाले. प्रश्न ठरलेले असत. घर केवढे? किती एकर मोडून काढले, त्यात कोणती पिके, किती हंगाम? कुटुंबात कोण कोण? कोणी जमिनीपासून दूर गेले होते का, कधी, कशासाठी? विधवेला याशिवाय नवऱ्याच्या मृत्यूचा आणि आपण त्याची कायदेशीर पत्नी असल्याचा दाखला द्यावा लागे. सगळे मान्य झाले की पैसे भरून अखेरचे प्रमाणपत्र मिळे. सनद राजधानी वॉशिंग्टनहून यायची, आणि तिला कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त काळ लागे.

घोटाळे बहुतेक कागदाचे. नॉर्वेजियन किंवा जर्मन आडनाव प्रत्येक कागदावर वेगळे लिहिलेले. सेक्शनच्या, म्हणजे मोजणीतल्या एक चौरस मैलाच्या चौकोनाच्या, चार चतकोरांपैकी चुकीच्या चतकोराची नोंद. ज्या साक्षीदारांची नावे छापली ते दुष्काळात तालुका सोडून गेलेले. नागरिकत्वाचा अडथळा विशेष त्रासाचा असे. परदेशातून आलेल्या नवऱ्याने नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला, पण पुढची पायरी राहून गेलेली. यावर 1804 चा जुना कायदा कामी येई : असा माणूस मेला तर त्याची विधवा आणि मुले शपथ घेऊन नागरिक मानली जात. हे तिला वेळेवर कोणी सांगितले नाही तर अर्ज अडकून पडे.

खरी भीती प्रतिदाव्याची होती. जमीन सहा महिन्यांहून अधिक काळ सोडली हे सिद्ध झाले की दावा रद्द होई. 1880 च्या कायद्याने तर हरकत घेऊन दावा रद्द करवणाऱ्यालाच तीच जमीन घ्यायचा पहिला मान दिला, 30 दिवसांपुरता. त्यामुळे एकट्या बाईच्या शेतावर नजर ठेवून असणारा माणूस नुसता भोचक असेलच असे नाही. वर सांगितल्याप्रमाणे विधवेला तिथे राहायची सक्ती नव्हती, पण हरकत आली की जमीन कसल्याचा पुरावा तिलाच द्यावा लागे. म्हणून नांगरणी मजुरीने करून घेतली तर पावती जपून ठेवणे आणि शेजाऱ्याला दरवर्षी पीक दाखवून ठेवणे हाच शहाणपणा.

मुदतीआधी जमीन हवी असेल तर सहा महिन्यांनंतर (1891 पासून 14 महिन्यांनंतर) एकरी सव्वा डॉलर भरून ती विकत घेता येई. 160 एकरांचे 200 डॉलर होतात. इतकी रोकड अशा घरात क्वचितच असे. 1912 मध्ये पाच वर्षांची अट तीनवर आली.

प्रश्न : पाच वर्षे तग कशावर धरायचा? नांगर तर बाईला एकटीला झेपणारा नव्हता.

न मोडलेल्या गवताळ जमिनीत पहिला नांगर घालायला दणकट जनावरे आणि जाड पात्याचा खास नांगर लागे, आणि चांगल्या जोडीने दिवसाला एकर-दीड एकरच होई. हे काम विधवा शेजाऱ्याकडून करून घेई, आणि पैसे नसल्यामुळे त्याच्या घरचे धुणे, शिवण, बाळंतपण असे काहीतरी करून फेड करी. मे-जूनमध्ये गवत जोमात वाढत असताना नांगरले तर मुळे कुजतात. उशीर झाला तर ढेकळे तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीही पेरा नीट होत नाही.

त्याच वर्षी खायला काहीतरी हवे म्हणून उलथलेल्या ढेकळांतच मका लावत. हे काम बायका-मुले करत. कुऱ्हाडीने ढेकळात फट पाडायची, दोन-तीन दाणे टाकायचे, टाचेने दाबून फट मिटवायची, एक पाऊल पुढे. फट मिटली नाही तर ओल उडून जाते किंवा खारी दाणे उकरून खातात. पीक बेताचेच येई, पण खुरपणी जवळपास नाही आणि जनावरांना कडबा मिळतो.

रोख पैसा मात्र शेतातून नव्हे, लोणी आणि अंड्यांतून येई. या विषयावरच्या लिखाणात गव्हाला जेवढी जागा मिळते तेवढी लोण्याला मिळत नाही, याचे वाईट वाटते. कारण टोळधाड गहू खाऊन गेली तरी दुकानदाराच्या वहीत विधवेच्या नावावर लोण्याची जमा राहतच असे, आणि त्यावर मीठ, कॉफी, पायताणे घरात येत. एक पौंड लोण्याला साधारण 10 ते 11 लिटर दूध लागते. दूध उथळ पसरट भांड्यांत थंड जागी ठेवून साय काढायची, किंचित आंबट होऊ द्यायची, मग उभ्या घुसळणीत घुसळायची. सायीचे तापमान 16-17 अंश सेल्सिअसच्या आसपास असले तर अर्ध्या-पाऊण तासात लोणी येते. त्याहून गरम असले तर लोणी लवकर येते पण तेलकट आणि मऊ होते, ताक आत अडकते. फार थंड असले तर तासन्‌तास घुसळूनही गोळे जमत नाहीत. लोण्याचे दाणे गव्हाएवढे झाले की थांबायचे, ताक काढायचे आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. मग पौंडाला सुमारे औंसभर मीठ घालून लाकडी चमच्याने दाबत राहायचे. हात लावायचा नाही, हाताच्या उबेने लोणी वितळते. ताक राहिले तर आठवड्यात खवट वास येतो आणि दुकानदार भाव पाडतो. सगळ्यांचे लोणी एकाच पिंपात टाकणारा दुकानदार असला तर चांगले करणारीचेही नुकसान. म्हणून बायका आपापला लाकडी ठसा उमटवून बांधीव गिऱ्हाईक शोधत.

मुलांचे काम ठरलेले : गुरे राखणे आणि जळण गोळा करणे. लाकूड नव्हतेच. सुरुवातीला बायसनच्या वाळलेल्या शेणी, त्या संपल्यावर गाईगुरांच्या, मक्याची बुरकुंडे आणि पीळ घालून बांधलेले गवत. गवताचा पीळ भुर्रकन जळून जातो, त्यामुळे हिवाळ्यात एक मूल चुलीपाशी आणि एक पीळ वळायला असे दोघे त्यातच अडकत. त्या दिवसांत शाळा बुडे ती यासाठीही.

प्रश्न : आम्ही एकांकिका बसवतो आहोत. ढेकळांच्या घराचे नेपथ्य करायचे आहे. आतून ते कसे दिसे?

ढेकळे म्हणण्यापेक्षा गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेले मातीचे पट्टे. साधारण 30 सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर जाड, 60 ते 90 सेंटिमीटर लांब. गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे सांधे चुकवत रचत, आणि दर दोन-तीन थरांनंतर एक थर आडवा, म्हणजे भिंत फुगत नाही. भिंतीची जाडी दोन-तीन फूट, त्यामुळे खिडकीचा कोनाडा खोल दिसायला हवा. तिथेच कुंडी, दिवा, शिवणाची टोपली ठेवत. 16 बाय 20 फुटांच्या एका खोलीला एकराच्या आसपास जमिनीचे पट्टे लागत. छप्पर खांब, फांद्या, गवत आणि वर पुन्हा मातीचे पट्टे असे असे. पाऊस थांबल्यावरही ते दिवस-दोन दिवस चिखल गाळत राही. म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत; तो मातीने झोळीसारखा खाली आलेला दाखवलात तर घर खरे वाटेल. भिंतींना आतून चुन्याचा हात दिलेला किंवा वर्तमानपत्रे चिकटवलेली असत. मंचावर काळा अंधार करू नका. त्या घरांत उजेड कमी असे, पण खिडकीसमोर तो भरपूर पडे, आणि घरातली माणसे त्या उजेडातच बसत.

प्रश्न : सैनिकाच्या विधवेला काही वेगळे मिळे का?

हो. 1872 च्या कायद्याने यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने किमान 90 दिवस लढलेल्याची नोकरीची वर्षे पाच वर्षांतून वजा होत. पण निदान एक वर्ष तरी जमिनीवर राहावेच लागे. तो वारला असेल तर त्याच्या विधवेला, तिने पुन्हा लग्न केले नसेल तोवर, हीच सवलत मिळे. निवृत्तिवेतन त्याहून वेगळे. 1862 पासून साध्या शिपायाच्या विधवेला महिना 8 डॉलर, 1866 पासून 16 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे 2 डॉलर जास्त, आणि 1886 पासून मूळ रक्कम 12 डॉलर. हे मृत्यू युद्धाशी जोडलेला असेल तरच. 1890 मध्ये ही अट सैल झाली आणि अंगमेहनतीशिवाय दुसरे साधन नसलेल्या विधवाही पात्र ठरल्या. पुनर्विवाह केला की निवृत्तिवेतन बंद. जमिनीचा हक्क राहायचा, महिन्याचे पैसे जायचे, या हिशेबाने लग्नाचा विचार सोडून दिलेल्या बायका असणारच.

प्रश्न : हे सगळे गोऱ्या बायकांपुरते होते का? आणि जमीन मुळात कोणाची?

जमीन आदिवासी राष्ट्रांची होती. बीअ‍ॅट्रिसच्या भागातले ओटो-मिझूरिया लोक 1881 मध्ये इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, ढकलले गेले. विधवेच्या हक्काविषयी लिहिताना हे वगळले तर चित्र खोटे ठरते.

कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला काय येई हे लेटिशिया कार्सनच्या आयुष्यात दिसते. ती केंटकीत गुलामगिरीत जन्मली. आयर्लंडहून आलेल्या डेव्हिड कार्सनबरोबर 1845 मध्ये ती ऑरेगनला पोहोचली, आणि वाटेतच मुलगी मार्था झाली. पुढे मुलगा अ‍ॅडम. ऑरेगनच्या 1850 च्या जमीन कायद्यात लग्न झालेल्या जोडप्याला 640 एकर मिळत आणि त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. एक जोडीदार सनदेआधी मेला तर मागे राहिलेला आणि मुले सारखे वाटेकरी. पण तो कायदा गोऱ्यांसाठी (आणि मिश्र वंशाच्या आदिवासींसाठी) होता, लेटिशिया त्यात बसत नव्हती. 1852 मध्ये डेव्हिड वारला तेव्हा शेजाऱ्यालाच मालमत्तेचा कारभारी नेमले गेले. त्याने तिला वारस न मानता सगळ्याचा लिलाव केला. तिने कोर्टात धाव घेतली : एक दावा इतक्या वर्षांच्या श्रमाच्या मोबदल्याचा, दुसरा गुरांचा. दोन्ही जिंकली. मग 1863 मध्ये, कायदा लागू झाला त्याच वर्षी, तिने डग्लस कौंटीत स्वतःच्या नावाने होमस्टेडचा दावा लावला, मुले असलेली विधवा म्हणून. कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व घटनेत यायला अजून पाच वर्षे होती. 1869 मध्ये तिला जमीन मिळाली. आधीच्या कायद्याने जी स्त्री बायकोही ठरत नव्हती, तिने पुढच्या कायद्यातला ‘कुटुंबप्रमुख’ हा एक शब्द धरून ठेवला आणि जमीन मिळवली, हे या सगळ्या इतिहासात आम्हाला फार मोठे वाटते.

प्रश्न : माझ्या सुनेचे माहेर नेब्रास्कातले. तिची खापरपणजी विधवा झाल्यावर तिने जमीन राखली असे घरात सांगतात. नाव आणि कौंटी ठाऊक आहे. कागद मिळतील का, ताई-दादा?

मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि नेब्रास्का असल्याने काम सोपे. तिथल्या होमस्टेड फायली स्कॅन होऊन ऑनलाइन आल्या आहेत. आधी अमेरिकेच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर सनदा शोधा : राज्य, कौंटी, आडनाव. नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोन्ही नावांनी शोधा. विधवेच्या सनदेवर ‘अमुक, कैलासवासी तमुकची विधवा’ असे लिहिलेले असते, आणि तिने पुन्हा लग्न केले असेल तर आडनाव तिसरेच निघेल. आडनावाची निदान तीन-चार स्पेलिंगे करून बघा. सनद सापडली की टाउनशिप, रेंज, सेक्शन, चतकोर (हा सरकारी मोजणीतला जमिनीचा पत्ता), जमीन कचेरीचे गाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक उतरवून घ्या. सनदेत तेवढेच असते. खरे आयुष्य फायलीत आहे : जबान्या, घराचे माप, पिके, मुलांची संख्या, नवऱ्याच्या मृत्यूची तारीख. ऑनलाइन प्रत मिळाली नाही तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून हे तपशील देऊन मागवता येते.

सनदच सापडली नाही तर हार मानू नका. अर्धवट राहिलेल्या, रद्द झालेल्या दाव्यांच्याही फायली असतात, पण त्या सनदांच्या यादीत येत नाहीत. त्यासाठी जमिनीच्या क्रमाने लावलेली ट्रॅक्ट बुके बघावी लागतात, म्हणजे जमीन नेमकी कुठे होती ते आधी हवे. कौंटीचे जुने नकाशे किंवा शेजाऱ्यांच्या सनदा यांवरून अंदाज बांधता येतो.

जनगणनेत 1890 चे पान शोधू नका, त्या नोंदी 1921 च्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. मात्र त्याच वर्षी माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांची वेगळी यादी केली होती आणि तिचा नेब्रास्काचा भाग शाबूत आहे. 1885 ची नेब्रास्काची जनगणनाही आहे. 1900 च्या जनगणनेत प्रत्येक आईला किती मुले झाली आणि किती हयात आहेत हे विचारले होते. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गेलेली मुले, हे सुनेला आधी सांगून ठेवा, मग पान उघडा. शेवटी कौंटीच्या कोर्टात मृत्युपत्रांच्या आणि पालकनेमणुकीच्या नोंदवह्या. आई हयात असूनही मुलांच्या मालमत्तेसाठी कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागे, त्यामुळे बापाच्या मृत्यूनंतरच्या वर्षा-दोन वर्षांतल्या वहीत मुलांची नावे वयांसह सापडायची शक्यता असते. चौकशीच्या पत्रात कौंटीचे नाव त्या काळचे लिहा. काही कौंट्यांच्या सीमा नंतर बदलल्या, आणि आजच्या नावाने विचारले तर कारकून ‘नोंद नाही’ असे कळवून मोकळा होतो.